रोजकीर्द आणि खतावणी

पेढीवरचा जुना हिशेब दोन वह्यांत राहत असे. रोजकिर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरायचा : आज कोणाचे किती जमा, कोणाला किती नावे. मग त्याच रकमा खतावणीत पुन्हा लिहायच्या. इथे मात्र दिवसाचा क्रम सोडून माणसाच्या वा खात्याच्या नावाखाली, आणि रकमेपुढे रोजकिर्दीचे पान टाकून. खतावणीमुळे पेढीत एकही नवा रुपया येत नाही. तरी ‘माझ्याकडे किती निघतात?’ असे विचारत कोणी दारात उभा राहिला, की उत्तर खतावणीतूनच मिळते. रोजकिर्दीतून द्यायचे, तर वर्षभराची पाने चाळत बसावे लागेल. संकेतस्थळाच्या वरच्या कोपऱ्यात जी शोधचौकट असते, तिच्यामागेही अशीच खतावणी असते. पाने लिहिली गेली त्या क्रमाने साठतात; संगणक त्यांतला एकेक शब्द काढून त्याच्या नावाने खाते उघडतो आणि तो शब्द कोणकोणत्या पानांवर आहे ते त्या खात्यात मांडतो. संगणकशास्त्रज्ञ तिला उलटी सूची म्हणतात. म्हणजे आपल्याच घरातली वस्तू आपल्याला सापडावी, यासाठीची ही धडपड संगणकाहून फार जुनी आहे. तो जुना इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ठेवणाऱ्याने वस्तूला दिलेले नाव आणि शोधणाऱ्याच्या ओठांवरचे नाव यांची गाठ जेव्हा कोणीतरी कष्टाने घालून दिली, तेव्हा प्रत्येक वेळी शोध सुधारला. यंत्रे बदलत गेली, हे काम कायम राहिले. आजच्या बहुतेक संकेतस्थळांवर शोध फसतो, कारण हे काम यंत्राने आपल्याकडून काढून घेतले आहे अशी आपली समजूत झाली आहे.

आपल्याकडचा सर्वांत जुना पुरावा वेदांच्या अनुक्रमणींचा. ऋग्वेदाची दहा मंडले आणि १०२८ सूक्ते मुखोद्गत असणाऱ्यांनाही सूचीची गरज वाटली, ही साधी गोष्ट नव्हे. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत प्रत्येक सूक्ताचे प्रतीक, म्हणजे आरंभीचे शब्द, दिलेले आहेत. पुढे ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद. एकाच सूक्ताकडे जाणाऱ्या इतक्या वाटा त्यात आखून दिल्या आहेत. आज विक्रीच्या संकेतस्थळावर डाव्या बाजूला किंमत, रंग, आकार अशा गाळण्या दिसतात, त्यांच्यामागचा विचार याच जातीचा आहे. पण अनुक्रमणीचा वाचक ठरलेला होता. प्रतीक ज्याला ओळखू येते, छंदांची नावे ज्याला माहीत आहेत, अशाच माणसासाठी ती रचली होती. ठेवणारा आणि शोधणारा एकाच परंपरेत वाढलेले असल्याने दोघांचे शब्दही एकच होते. अडचण सुरू होते ती बाहेरचा माणूस दारात येतो तेव्हा.

तेराव्या शतकात पॅरिसच्या सेंट जॅक मठातल्या डॉमिनिकन भिक्षूंनी ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली बायबलची शब्दसूची तयार केली. तेव्हा प्रत्येक हस्तलिखिताची पाने वेगळी पडत, म्हणून पानांचा आकडा निरुपयोगी होता. त्यांनी अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना अक्षरे दिली आणि प्रत्येक शब्दापुढे ग्रंथ, अध्याय व भाग नोंदवला. पहिल्या सूचीत नुसते ठिकाण होते. एखादा शब्द शेकडो जागी आला की त्यांतली आपली जागा कोणती, हे प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहिल्याशिवाय कळेना. पुढच्या प्रयत्नात शब्दाभोवतीची लांबलचक वाक्ये उतरवली, तर ग्रंथ अवजड झाला. तिसऱ्या वेळी शब्दाच्या मागचे-पुढचे मोजकेच शब्द ठेवले आणि तो बेत टिकला. शोधाच्या निकालात प्रत्येक पानाखाली दोन ओळींचा उतारा दिसतो, त्याची मात्रा अशी दोनदा चुकून ठरलेली आहे. मूळ सामग्रीत या काळात काहीच बदलले नव्हते. वाचक कुठे अडतो हे पाहून सूचीकारांनी आपले काम पुन्हा केले, एवढेच.

शोधणारा बदलला की काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. १८१८ साली पेशवाई गेल्यावर पेशव्यांच्या दफ्तराचे कागद इंग्रजांनी जपले ते मुख्यतः इनामे, नेमणुका आणि जमिनीचे हक्क यांचा निवाडा करण्यासाठी. १८५२ च्या इनाम कायद्यानंतर चौकशीचे काम वाढले आणि कागदांची मांडणीही त्याच नजरेने होत गेली. कापडात बांधलेले सुमारे ३५ हजार रुमाल, बहुतेक मोडी लिपीतले. रोजकिर्दी एकीकडे, प्रांतवार हिशेब दुसरीकडे. कोणत्या गावचे इनाम, कोणाच्या नावे, कोणत्या सालापासून, या प्रश्नांची उत्तरे ती मांडणी देत होती. पुढे इतिहासाचे अभ्यासक आले आणि त्यांचे प्रश्न निराळे निघाले : पानिपतापूर्वी उत्तरेतून काय बातम्या येत होत्या, दरबारात कोण कोणाविरुद्ध होते, रयतेचे काय चालले होते. कागद त्याच रुमालांत होते, पण या प्रश्नांच्या नावाने खाते उघडलेले नव्हते. गो. स. सरदेसाई यांनी सहकाऱ्यांसह हे रुमाल उलगडून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध केले; त्यांतल्या एका खंडाचे नाव ‘पानिपत प्रकरण’ आहे. महसुलाच्या खतावणीवर इतिहासाची दुसरी खतावणी चढली, असे त्या कामाचे वर्णन करता येईल. आधी रुमाल बांधणाऱ्यांची यात चूक नव्हती. त्यांच्यापुढे जो विचारणारा होता त्याच्यासाठी त्यांनी चोख काम केले. मात्र कोणतीही मांडणी तिच्या पहिल्या विचारणाऱ्याची असते, आणि दुसरा आल्यावर ती आपोआप बदलत नाही.

ग्रंथालयांना हा दुसरा विचारणारा रोज भेटत होता. सार्वजनिक ग्रंथालये वाढली तशी तिथे पंडितांच्या जोडीने कारागीर, विद्यार्थी, दुकानदारही येऊ लागले. अमेरिकेतले ग्रंथपाल चार्ल्स ॲमी कटर यांनी १८७६ साली तालिकेचे नियम छापले. माणसाला लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी काहीही एक ठाऊक असले तरी पुस्तक मिळाले पाहिजे, हा त्यांचा आरंभबिंदू होता. लोकांची सोय तालिकाकाराच्या सोयीच्या वर ठेवायची, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. या विचाराचे साधन म्हणजे ‘पहा’ नोंद. वाचक ज्या शब्दाने येईल त्या शब्दाचेही कार्ड ठेवायचे आणि त्यावर लिहायचे की अमुक शब्दाखाली पहा. त्या कार्डामागे पुस्तक नसते, पण वाचक रिकाम्या हाताने परत जात नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे. त्यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा वाचकाच्या वेळेविषयी आहे : तो वाचला पाहिजे. १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात त्यांनी विषयाचे पैलू सुटे केले आणि गरजेप्रमाणे ते जोडायची सोय दिली. पुस्तक फळीवर एकाच जागी राहू शकते, विषयाकडे येणाऱ्या वाटा मात्र अनेक असतात. हे अंतर भरून काढण्याचा तो मोठा प्रयत्न होता.

मराठी वा संस्कृतसारख्या भाषांत या कष्टाला आणखी एक बाजू आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू झाले. सुमारे १५०० ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या निघाल्या. एकेका चिठ्ठीवर मूळ शब्द, त्याचा उतारा आणि ग्रंथातला ठावठिकाणा. या कामातला कळीचा भाग ‘मूळ शब्द’ हा आहे. ग्रंथात शब्द विभक्ती लावून, संधीत मिसळून, समासात अडकून येतो. वाचणाऱ्या विद्वानाने तो सोडवून मूळ रूपात लिहिल्यावरच चिठ्ठी योग्य कप्प्यात जाते. आता हेच मराठीत पाहा. ‘देऊळ’ शोधणाऱ्याला ‘देवळात’, ‘देवळांची’, ‘देवळापाशी’ ही पानेही हवी असतात. पण अक्षरांवर चालणाऱ्या संगणकाला ‘देऊळ’ आणि ‘देवळात’ यांत आरंभीच्या ‘दे’पलीकडे फारसे साम्य दिसत नाही. पाऊस-पावसाचा, मूल-मुलाला, घोडा-घोड्यावर : आपले सामान्यरूप शब्दाचे अंगच बदलते आणि शब्दयोगी अव्यय त्याला चिकटून येते. इंग्रजी शब्दांची शेपटे छाटणारी मार्टिन पोर्टर यांची पद्धत १९८० पासून प्रसिद्ध आहे, पण नुसते शेपूट छाटून ‘देवळात’चे ‘देऊळ’ होत नाही. मराठीसाठी वेगळे नियम आणि शब्दसंग्रह लागतात. ते न लावता इंग्रजीसाठी घडवलेली शोधयंत्रणा मराठी संकेतस्थळावर बसवली, की वाचकाला ‘काहीही आढळले नाही’ असे उत्तर मिळते आणि ते उत्तर खोटे असते.

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डच्या विमानविद्या महाविद्यालयात ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सूचीपद्धतींची रीतसर परीक्षा घेतली. पहिल्या फेरीत १८ हजार लेखांवर चार पद्धती ताडून पाहिल्या. मोठमोठ्या वर्गीकरणांत आणि साध्या शब्दसूचीत अपेक्षेहून फार कमी फरक निघाला. १९६६ च्या सुमारास संपलेल्या दुसऱ्या फेरीत १४०० लेख होते, आणि तिचा निकाल ग्रंथपालांना धक्का देणारा होता. काळजीपूर्वक बांधलेल्या नियंत्रित शब्दावल्यांपेक्षा लेखांतले साधे सुटे शब्दच सरस ठरले. मग ‘पहा’ नोंदींचा आणि शब्द जुळवण्याचा इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारले तर ते रास्त आहे. पण त्या परीक्षेतले दोन तपशील लक्षात घ्यावे लागतात. प्रश्न ज्यांच्याकडून मिळवले होते ते त्याच क्षेत्रातल्या लेखांचे लेखक होते. म्हणजे अनुक्रमणीसारखेच इथेही विचारणारा आणि लिहिणारा एका बिरादरीतले होते, आणि त्यांच्या शब्दांची गाठ आधीच पडलेली होती. दुसरे असे, की सुट्या शब्दांतही ज्या सूचीत एकाच शब्दाची निरनिराळी रूपे एकत्र केली होती ती अव्वल आली. क्रॅनफील्डने ग्रंथपालांचा डौल उतरवला हे खरे; शब्द जुळवण्याचे महत्त्व मात्र त्यातून कमी होत नाही. क्रॅनफील्डची खरी देणगी वेगळीच आहे. खरे प्रश्न घ्या, प्रत्येकासाठी योग्य कागद कोणते ते माणसांकडून ठरवून घ्या, मग किती योग्य सापडले आणि सापडलेल्यांत किती योग्य होते, हे मोजा. शोध सुधारला की नाही, हे ठरवण्याची ही रीत अजूनही चालू आहे.

बिरादरीबाहेरच्या माणसाचे काय होते, हे १९८७ साली जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. एकाच गोष्टीला दोन माणसे स्वतःहून एकच नाव देतील, ही शक्यता त्यांना २० टक्क्यांहूनही कमी आढळली. म्हणून त्यांनी उपाय सुचवला तो असा : एक ‘योग्य’ नाव शोधत बसू नका, लोक जी जी नावे वापरतात ती सगळी स्वीकारा. कटरच्या ‘पहा’ कार्डाचेच हे नवे रूप. आपल्याकडे याची प्रचिती घ्यायला ‘सातबारा’ पुरेसा आहे. महसुलाच्या भाषेत गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. शेतकरी यांतले काहीच म्हणत नाही. तो ‘सातबारा’ लिहितो, ‘७/१२’ लिहितो, ‘उतारा’ लिहितो, किंवा मोबाइलवर रोमन लिपीत टाइप करतो. माहिती ठेवणाऱ्याने पानावर फक्त ‘अधिकार अभिलेख’ असे लिहिले असेल, तर पान असूनही त्याच्यासाठी ते नाही. इथे पानाची भाषा बदला असा आग्रह धरायची गरज नाही. कायद्याला त्याचा नेमका शब्द लागतो. खतावणीत मात्र चारही नावांची खाती हवीत, आणि चारही त्याच पानाकडे जायला हवीत.

दुसरा आक्षेप गूगलचा. तिथे कोणी ‘पहा’ नोंदी लिहीत बसत नाही, तरी हवे ते मिळते. मग आपल्या छोट्या घराला वेगळा न्याय का? याचे उत्तर गूगलच्या उगमातच आहे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली जी पद्धत मांडली, ती जगभरच्या लोकांनी एकमेकांच्या पानांना दिलेल्या दुव्यांवर उभी होती. प्रत्येक दुवा म्हणजे कोणीतरी माणसाने दिलेली साक्ष, आणि दुव्यावरचे शब्द म्हणजे बाहेरच्या माणसाने त्या पानाला दिलेले नाव. म्हणजे ‘पहा’ कार्डे तिथेही होतीच, ती लाखो लोकांनी नकळत लिहून ठेवली होती. एखाद्या कार्यालयाच्या वा वाचनालयाच्या संकेतस्थळाच्या आत अशी साक्ष देणारे कोणी नसते. आतल्या दुव्यांपैकी बरेचसे मेनूचे, यांत्रिक असतात. म्हणून बाहेर जे फुकट मिळते ते आत कोणीतरी करावे लागते. करेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली दाखवलेले तत्त्वही घरात शिरल्यावर वेगळे वागते. जो शब्द सगळीकडे आहे त्याची किंमत कमी, जो मोजक्या ठिकाणी आहे त्याची जास्त, असे ते तत्त्व. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ‘ग्रंथ’ हा शब्द जवळपास शून्य किमतीचा होतो. कोणत्या घरात कोणता शब्द मोलाचा, हे त्या घराच्या सामग्रीवरूनच ठरते. २००० साली डग कटिंग यांनी ल्यूसीन ही शोधप्रणाली सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे खतावणीची कोरी वही आज कोणालाही फुकट मिळते. कारकून मात्र ज्याचा त्यालाच नेमावा लागतो.

मराठी सामग्रीत या कारकुनाचे काम दुप्पट आहे, आणि याची कारणे आपल्या अलीकडच्या इतिहासात आहेत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मजकुरात ‘घरांत’, ‘करणें’, ‘तें’ आहे, नंतरच्या मजकुरात ‘घरात’, ‘करणे’, ‘ते’. जुनी मासिके आणि ग्रंथ आता संगणकावर येत आहेत. नव्या लेखनाने शोधणारा वाचक त्यांच्यापर्यंत पोहोचायचा, तर दोन्ही रूपे एकाच खात्यात पडली पाहिजेत. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण वर्षानुवर्षे निरनिराळ्या फाँटांत मजकूर साठवला. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत प्रत्येक फाँटची आपापली सांकेतिक अक्षरे होती. फाँट बदलला की सगळी गिचमिड. तो मजकूर रूपांतरित केल्याशिवाय शोधात येणारच नाही. युनिकोडमध्येही ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो; डोळ्यांना एक, संगणकाला दोन. आणि कागदाचा नुसता फोटो काढून पीडीएफ म्हणून चढवला, तर त्यात शोधण्यासारखे अक्षरच नसते. तो बांधलेला रुमालच राहतो, कापडाऐवजी संगणकात.

तिसरा आक्षेप आजचा आहे. अर्थावरून जुळवणारी नवी यंत्रे आली आहेत. ‘देऊळ’ विचारले तर ती ‘मंदिर’ही आणतात. हा लाभ मोठा आहे आणि तो घ्यावा. तरी खाते क्रमांक, आदेशाचा दिनांक, व्यक्तीचे नाव अशा ठिकाणी जवळपासचा अर्थ उपयोगाचा नसतो, नेमके अक्षर लागते. शिवाय ही यंत्रे जो मजकूर पाहून शिकतात त्यात मराठीचा वाटा कमी आहे आणि एका गावच्या, एका खात्याच्या बोलीचा त्याहून कमी. यंत्र आपल्या घरात बरोबर चालते आहे की नाही, हे ठरवायला क्रॅनफील्डचीच रीत लागते, आणि त्यातला निवाडा घर ओळखणारा माणूसच करू शकतो. चौथा आक्षेप खर्चाचा आहे. छोट्या संस्थेने हे कसे करावे? पण शोधले जाणारे शब्द सारख्या वाट्याने येत नाहीत. थोडे शब्द पुन्हा पुन्हा येतात, बाकीचे क्वचित. महिन्यातून एकदा सर्वाधिक विचारलेले शंभर शब्द आणि रिकाम्या हाताने परत गेलेले शब्द घेऊन बसले, तरी बराच पल्ला मारता येतो. जपायचे ते फक्त शब्द आणि त्यांची संख्या, विचारणाऱ्याची ओळख नव्हे. २००६ साली एओएल कंपनीने शोधांच्या नोंदी नावे वगळून जाहीर केल्या, तरी त्यांतून माणसे ओळखू आली. तो धडा पुरेसा आहे.

शोधचौकटीत रोज पडणारे हे प्रश्न म्हणजे आणखी एक रोजकीर्दच आहे. लोक आपल्याकडे काय मागायला आले, कोणत्या शब्दांनी आले आणि कोणाला काहीच मिळाले नाही, हे तीत दिवसाच्या क्रमाने आपोआप उतरत जाते. सेंट जॅकच्या भिक्षूंना किंवा कटरला वाचकाची अशी वही मिळाली असती, तर त्यांनी ती सोडली नसती. आपल्याकडे ती असते आणि कोणी उघडत नाही. जुन्या पेढीत रोजकीर्द भरून खतावणी कोरी राहिली, तर तो हिशेब अपुरा समजला जाई. ज्या संस्थेने आपली कागदपत्रे संकेतस्थळावर चढवली, पण लोकांचे शब्द त्यांच्या नावे मांडले नाहीत, तिचा हिशेबही अपुराच धरायला हवा.